पावले आणि अवगत झाले : ई-मेलच्या पोचपावतीचा इतिहास

१

पत्रव्यवहाराच्या इतिहासात दोन प्रश्न एकमेकांत मिसळून गेलेले आढळतात. पत्र पोचले काय, हा पहिला. आणि ते वाचून समजले काय, हा दुसरा. पहिला प्रश्न वस्तूच्या प्रवासाचा आहे, दुसरा मनाच्या व्यापाराचा. ई-मेलच्या गेल्या सुमारे पन्नास वर्षांच्या वाटचालीत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यंत्राकडून मिळविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगावयाचा तर असा : पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र मर्यादित प्रमाणात देऊ शकले, दुसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार मात्र वाचणाऱ्याकडेच राहिला, आणि तो अधिकार डावलून जी उत्तरे मिळविली गेली, ती अविश्वसनीय ठरली.

मराठी वाचकाला हा भेद अपरिचित नाही. मराठेशाहीतील पत्रांत उत्तराच्या आरंभी, आलेले पत्र पावले आणि त्यातील मजकूर अवगत जाहला, अशा धर्तीचा मायना येत असे. यातील ‘पावणे’ हे क्रियापद पत्राचे आहे. ‘अवगत होणे’ हा वाचणाऱ्याचा अनुभव आहे. दोन्ही क्रियापदे शेजारी असली तरी एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही, म्हणूनच दोन्ही लिहिली जात. शिवाय दफ्तरात आलेल्या पत्रावर त्याच्या पैवस्तीची, म्हणजे येऊन पोचल्याची, तारीख नोंदविण्याची पद्धत होती. पैवस्ती ही दफ्तराची नोंद. मजकूर अवगत झाल्याचे लिहिणे ही उत्तर देणाऱ्याची स्वतःची कबुली. पहिली कारकुनाच्या हातची, दुसरी धन्याच्या नावाची.

इंग्रजी अमदानीत टपालखात्याने आणि न्यायालयांनी यांपैकी पहिल्या प्रश्नाला निश्चित रूप दिले. रजिस्टर पत्राबरोबर जाणारे व सहीनिशी परत येणारे पोचपावतीचे कार्ड हा त्याचा सर्वपरिचित नमुना. रजिस्टर टपाल ही स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली असली, तरी त्या कार्डाने रुजविलेली कल्पना कायम आहे. ते कार्ड फार थोडे सांगे : अमुक दिवशी अमुक पत्त्यावर कोणीतरी लिफाफा घेतला. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या सत्ताविसाव्या कलमाने तेवढीही अपेक्षा ठेवली नाही. योग्य पत्ता लिहून, टपालहशील भरून पत्र रजिस्टर टपालाने रवाना केले, म्हणजे विरुद्ध पुरावा येईपर्यंत ते नेहमीच्या वेळेत पोचले असे धरावे, असे ते कलम सांगते. उलटपक्षी १८७२ च्या करार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रस्तावाची सूचना पूर्ण होते ती ज्याला करावयाची त्याच्या ज्ञानात आल्यावरच. रवानगी, पोच आणि ज्ञान या तीन पायऱ्या कायद्याने अशा रीतीने वेगवेगळ्या कामांसाठी वापरल्या. ई-मेलच्या निर्मात्यांपुढे पुढे याच तीन पायऱ्या आल्या.

२

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली आर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला निरोप पाठवून दाखविला आणि पत्त्यात व्यक्ती व यंत्र यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह योजले. परंतु आजच्या ई-मेलच्या वाहतुकीचा पाया घातला तो ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘सिंपल मेल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’ या नियमावलीने. इंटरनेटचे नियम ज्या ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित मालिकेत प्रसिद्ध होतात, त्यातील ही ८२१ वी पुस्तिका होय.

भाषाभ्यासकाला या नियमावलीत प्रथम जाणवते ती तिची संवादरूप रचना. दोन यंत्रे आळीपाळीने बोलतात. पाठविणारे यंत्र आधी आपली ओळख सांगते. नंतर पत्र कोणाकडून आले ते सांगते. नंतर ते कोणासाठी आहे ते सांगते. आणि शेवटी मजकूर देते. प्रत्येक विधानावर घेणारे यंत्र तीन अंकी संख्येने उत्तर देते. दोनने सुरू होणारी संख्या होकाराची, चारने सुरू होणारी ‘तूर्त नाही, पुन्हा या’ अशा अर्थाची, पाचने सुरू होणारी कायमच्या नकाराची. मजकूर संपल्याची खूण म्हणून स्वतंत्र ओळीवर केवळ एक पूर्णविराम दिला जातो. त्यावर २५० ही संख्या आली, म्हणजे पत्र स्वीकारले गेले.

या २५० चा नेमका अर्थ काय, हा सर्व इतिहासाचा गाभा आहे. पत्र इच्छित व्यक्तीला मिळाले, असा तिचा अर्थ नाही. तिचा अर्थ एवढाच की, या क्षणापासून पत्राची जबाबदारी घेणाऱ्या यंत्राकडे आली : एक तर त्याने ते पुढे पोचवावे, किंवा पोचविणे अशक्य झाल्यास पाठविणाऱ्यास तसे कळवावे. हे विधान माहिती देणारे नसून वचन देणारे आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील परिभाषेत सांगावयाचे तर, ही संख्या उच्चारणे हीच एक कृती होय. पत्र वाटेत अनेक यंत्रांच्या हातून जाऊ शकते आणि प्रत्येक टप्प्यावर ही जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पुढचे यंत्र बंद असेल, तर आधीच्याने थांबून पुनःपुन्हा प्रयत्न करावयाचा असतो. हा प्रयत्न निदान चार ते पाच दिवस सोडू नये, असा दंडक ऑक्टोबर १९८९ च्या ११२३ व्या पुस्तिकेने घालून दिला.

यातच लिफाफा आणि पत्र यांतील भेदही लक्षात घ्यावा लागतो. वाचणाऱ्याला पत्राच्या माथ्यावर दिसणारी नावे आणि यंत्रांनी परस्परांना सांगितलेली नावे एकच असतील, असे नाही. पत्र परत फिरले तर ते जाते लिफाफ्यावरील परतीच्या पत्त्यावर. अपयशाची वार्ता देणाऱ्या पत्राला मात्र परतीचा पत्ता मुद्दाम रिकामा ठेवावयाचा असतो. कारण त्या वार्तेचेही वितरण अयशस्वी झाले, तर तिच्या अपयशाची वार्ता, मग त्या वार्तेची वार्ता, अशी परंपरा अखंड चालू राहील. दोन यंत्रांनी एकमेकांस अनंतकाळ ‘पत्र पोचले नाही’ असे कळवीत राहण्याचा धोका या रिकाम्या जागेने टळतो.

तरीही एक फट उरली, आणि तिचे स्वरूप तात्त्विक आहे. घेणाऱ्या यंत्राने पत्र स्वीकारले, २५० उच्चारले, आणि ते उत्तर पाठविणाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच जोडणी तुटली, तर काय? पाठविणाऱ्याच्या दृष्टीने पत्र गेलेच नाही. तो ते पुन्हा पाठवितो, आणि वाचणाऱ्याला एकच पत्र दोनदा मिळते. फेब्रुवारी १९८८ च्या १०४७ व्या पुस्तिकेत याच दुबार पत्रांचा विचार केलेला आहे. पोचेचीही पोच मागितली तर प्रश्न सुटेल असे वाटते. परंतु त्या दुसऱ्या पोचेलाही तिसरी पोच लागेल. अविश्वसनीय वाटेवरून संदेश पाठवून दोन पक्षांना परस्परांच्या ज्ञानाची पूर्ण खात्री कधीच होऊ शकत नाही, हे १९७५ साली संगणकशास्त्रात मांडले गेले आणि १९७८ साली जिम ग्रे यांनी त्याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ असे नाव दिले. ई-मेलच्या रचनाकारांनी या कोड्याचे व्यवहारी उत्तर स्वीकारले : पत्र हरवण्यापेक्षा ते दोनदा मिळालेले बरे.

३

मूळ नियमावलीत यंत्र अपयश कळवी. यश कळविण्याची सोय तीत नव्हती. मौन हेच यशाचे चिन्ह मानावयाचे होते. परंतु मौनाचा अर्थ लावणे पाठविणाऱ्यास जड जाते, हे व्यवहारात दिसून आले. ‘सेंडमेल’ या प्रसिद्ध वितरण-प्रणालीने पोच मागण्यासाठी पत्राच्या माथ्यावर ‘रिटर्न-रिसीट-टू’ अशी एक ओळ ओळखण्यास सुरुवात केली. ही ओळ प्रमाण नियमांत कधीच आली नाही, आणि तिच्या अर्थाबाबतही एकवाक्यता राहिली नाही. कोणी तिचा अर्थ ‘पोचल्यावर कळवा’ असा केला, तर कोणी ‘वाचल्यावर कळवा’ असा. पावणे आणि अवगत होणे यांचा घोटाळा येथे एका ओळीत साठून राहिलेला दिसतो.

हा घोटाळा दूर झाला तो जानेवारी १९९६ मध्ये. १८९१ ते १८९४ या चार पुस्तिकांनी वितरणाच्या वार्तेचे स्वरूप ठरवून दिले. २००३ साली त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पाठविणाऱ्याने लिफाफ्यावरच सांगावयाचे की, यश झाल्यास कळवावे, अपयश झाल्यास कळवावे, विलंब झाल्यास कळवावे, की कधीच कळवू नये. वार्ता देणाऱ्या यंत्राला त्यासाठी पाच शब्द नेमून दिले गेले. अयशस्वी, विलंबित आणि वितरित हे तीन सहज समजण्याजोगे आहेत. उरलेले दोन अधिक लक्षणीय होत.

चौथा शब्द ‘पुढे दिले’ अशा अर्थाचा. पत्र अशा यंत्राच्या हाती सोपविले गेले की ज्याला हे नवे नियम ठाऊक नाहीत, तेव्हा हा शब्द वापरावयाचा. ‘माझ्या हातून गेले, पुढचे मला सांगता येणार नाही’ एवढेच तो म्हणतो. पाचवा शब्द ‘विस्तारित’ असा : पत्र एका पत्त्यावर आले, परंतु तो पत्ता अनेकांचा समुच्चय असल्याने त्याच्या अनेक प्रती निघाल्या. या दोन शब्दांत रचनाकारांचा प्रामाणिकपणा दिसतो. जेथे ज्ञान संपते तेथे यंत्राने ‘पोचले’ असे म्हणू नये, यासाठी त्यांनी अज्ञानालाही स्वतंत्र नाव दिले.

परंतु ‘वितरित’ या शब्दाचीही मर्यादा ध्यानी ठेवावयास हवी. पत्र त्या व्यक्तीच्या पेटीत ठेवले गेले, एवढाच त्याचा आशय. नको असलेल्या जाहिरातींचा पूर वाढला तसतसे पत्रे चाळून बाजूस काढणारी यंत्रणा प्रत्येक पेटीपाशी बसली. तिने एखादे पत्र स्पॅमच्या कप्प्यात टाकले, तरी पाठविणाऱ्याच्या लेखी ते पोचलेलेच असते. उंबरठ्यावर ठेवलेले पत्र आणि हाती दिलेले पत्र यांतील अंतर येथे यंत्राला दिसत नाही.

४

वाचल्याची पोच हा याहून नाजूक विषय. दूरसंचाराच्या सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या, व १९८८ साली सुधारलेल्या, ‘एक्स ४००’ या संदेशवहन-नियमांत वितरणाचा अहवाल आणि पत्र स्वीकारणाऱ्याकडून येणारी सूचना या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या होत्या. इंटरनेटच्या ई-मेलमध्ये हा भेद प्रमाणभूत झाला तो मार्च १९९८ च्या २२९८ व्या पुस्तिकेने. तिच्या २००४ व २०१७ साली सुधारित आवृत्त्या निघाल्या.

या पद्धतीत पोचेची मागणी लिफाफ्यावर नसते. ती पत्राच्या माथ्यावर असते. हा फरक वरवरचा नाही. लिफाफा वाचतात वाहतूक करणारी यंत्रे. पत्राचा माथा पाहते वाचणाऱ्याच्या हाताखालचे सॉफ्टवेअर. म्हणजे वितरणाची वार्ता देणे हे टपालवाल्याचे कर्तव्य, तर वाचल्याची वार्ता देणे हा घरधन्याचा प्रश्न. त्यामुळे पोच पाठविण्यापूर्वी वाचणाऱ्याची संमती घ्यावी, अशी आग्रहाची शिफारस नियमांनी केली. मागणीतील पत्ता आणि पत्राचा परतीचा पत्ता यांत तफावत असेल, तर संमतीवाचून पोच पाठवूच नये, असे बंधन घातले. आणि मागणीकडे मुकाट्याने दुर्लक्ष करण्याची मुभाही वाचणाऱ्यास ठेवली.

पोचेत काय लिहावयाचे, याचा विचार शब्दार्थशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. नियमकर्त्यांनी ‘वाचले’ हा शब्द टाळला आणि ‘दाखविले’ हा स्वीकारला. त्याची व्याख्या करताना त्यांनी स्पष्ट केले की, ती पेटी पाहणाऱ्या कोणाला तरी पत्र पडद्यावर दाखविले गेले. मजकूर वाचला गेला वा समजला याची हमी त्यात नाही. येथे ‘कोणाला तरी’ हे पदही जाणूनबुजून आले आहे. पेटी ज्याच्या नावाची, तोच ती पाहत असेल असे नाही. लोकव्यवहारात जिला ‘वाचल्याची पावती’ म्हणतात, तिच्या निर्मात्यांनी तिला असे नाव दिलेलेच नाही, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

याहून बोधप्रद आहे एका शब्दाचा लोप. १९९८ च्या नियमांत ‘नाकारले’ अशीही एक पोच होती : पत्राचे काय झाले ते पाठविणाऱ्यास कळू नये अशी वाचणाऱ्याची इच्छा असल्यास ती पाठविता येई. २००४ च्या आवृत्तीतून ती वगळण्यात आली; तिचा अवलंब वा वापर आढळला नाही, असे कारण तेथे दिले आहे. हा वापर का झाला नाही, हे भाषाव्यवहाराच्या अंगाने समजून घेता येते. ‘मी सांगणार नाही’ असे म्हणणे हेही एक सांगणेच आहे. नकाराची पोच पाठविताच पत्र आले, ते कोणाच्या तरी दृष्टीस पडले, आणि त्याला उत्तर द्यावयाचे नाही, या तिन्ही गोष्टी उघड होतात. मौन मात्र अनेकार्थी असते. पत्र आले नसेल, पाहिले नसेल, पाहून बाजूला ठेवले असेल. ही संदिग्धता दोष नसून संरक्षण आहे. नकाराला शब्द देणारी तरतूद मेली आणि मौनाची मुभा टिकली, यात वाचणाऱ्यांचा मूक कौलच दिसतो.

५

संमतीने मिळणारी पोच अपुरी वाटू लागली, तेव्हा ती संमतीवाचून मिळविण्याची युक्ती निघाली. पत्रात चित्रे व रंग घालण्याची सोय झाल्यावर, वाचणाऱ्यास दिसूही नये असे एका बिंदूएवढे चित्र पत्रात ठेवता येऊ लागले. ते चित्र पत्राबरोबर येत नाही. पत्र उघडताच ते पाठविणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागविले जाते. प्रत्येक वाचकासाठी चित्राचा पत्ता निराळा ठेवला, म्हणजे कोणी, केव्हा व कोणत्या जोडणीवरून ते मागविले याची नोंद आपोआप होते. येथे वाचणाऱ्यास काहीच विचारले जात नाही. धन्याची कबुली नको म्हणून त्याच्या खिडकीवर नजर ठेवावी, अशातला हा प्रकार.

या युक्तीची परिणती लक्षात घेण्याजोगी आहे. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखविण्यास सुरुवात केली. त्यामुळे वाचणाऱ्याच्या जोडणीचा ठावठिकाणा पाठविणाऱ्यापासून झाकला गेला. ॲपलने २०२१ साली आपल्या मेलमध्ये याहून पुढची तजवीज केली : वापरणाऱ्याने ती स्वीकारल्यास, पत्र उघडले जावो वा न जावो, त्यातील चित्रे मध्यस्थ सर्व्हरमार्फत आधीच मागविली जातात. परिणामी न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे नोंदले जाते. उलट, चित्रे बंद ठेवून केवळ मजकूर वाचणाऱ्याची नोंदच होत नाही. न वाचणारा वाचक ठरतो आणि वाचणारा गैरहजर. विचारून मिळणारे उत्तर थोडे होते, परंतु त्याच्यामागे कोणाची तरी कबुली होती. न विचारता मिळविलेले विपुल उत्तर अर्थशून्य होऊन बसले.

६

हा सर्व ऊहापोह तंत्रज्ञांपुरता राहिला असता, तर त्याचे महत्त्व बेताचे असते. परंतु नोटिसा, आदेश, मुदती आणि नेमणुका ई-मेलने धाडल्या जाऊ लागल्यावर ‘पत्र पोचले’ या वाक्यावर माणसांचे हक्क अवलंबून राहू लागले. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे तेरावे कलम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणकात संदेश शिरला, की त्याची रवानगी झाली. घेणाऱ्याने नेमून दिलेल्या संगणकात तो शिरला, की त्याची प्राप्ती झाली. नेमून दिलेली जागा सोडून तो दुसरीकडेच पाठविला असेल, तर मात्र घेणाऱ्याने तो काढून घेतल्याची वेळ प्राप्तीची धरावी. बाराव्या कलमानुसार पोच स्वयंचलितही असू शकते. कायद्याने येथे ‘पावणे’ निवडले आहे. ‘अवगत होणे’ त्याने आपल्या व्याख्येबाहेर ठेवले.

या निवडीला सबळ कारण आहे. वाचल्याचा पुरावा अनिवार्य केला, तर पत्र न उघडण्यातच ज्याचे हित, तो कायमचा सुरक्षित राहील. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे थकीत रकमेच्या वसुलीचे एक प्रकरण आले. प्रतिवादीस व्हॉट्सॲपवर पाठविलेली नोटीस केवळ पोचलीच नव्हे तर उघडलीही गेली, असे त्यावरील खुणांवरून दिसल्याने न्यायालयाने ती बजावणी मान्य केली. वाचल्याची निळी खूण त्या सेवेत नोव्हेंबर २०१४ मध्ये आली होती. येथेही न्यायालयाला मजकूर समजल्याचा पुरावा लागला नाही. जाणून घेण्याची पुरेशी संधी मिळाली, एवढे पुरे झाले. कायद्याचे ‘ज्ञान’ हे बहुधा ज्ञानाच्या संधीचे दुसरे नाव असते.

परंतु या निवडीची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. प्राप्तीची वेळ संगणकात शिरण्याशी बांधली, की पत्राचा धोका घेणाऱ्याकडे सरकतो. स्पॅमच्या कप्प्यात गेलेली सूचना, भरून गेलेली पेटी, दुसऱ्याच्या हातातील फोन, न येणाऱ्या भाषेतील मजकूर, यांचा भार वाचणाऱ्यावर पडतो. पोस्टमनने दारात उभे राहून हाक मारली नाही, तरी मुदत चालू झालेली असते. म्हणून वितरणाच्या नोंदीला वाचल्याच्या कबुलीचे वजन देताना अधिकारी, संस्था आणि अध्यापकवर्ग यांनी सावध राहणे अवश्य ठरते. ‘आपणास ई-मेल पाठविला होता’ हे वाक्य रवानगीविषयी आहे. ‘आपणास माहीत होते’ हे निराळे वाक्य आहे. आणि पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

७

ऑस्टिन यांनी असे प्रतिपादिले की, ऐकणाऱ्याने विधानाचा आशय आणि त्यामागील हेतू ग्रहण केल्यावाचून सूचना देण्यासारखी वाक्कृती पूर्णत्वास जात नाही. ई-मेलचा इतिहास हे जणू त्या विधानाचे दीर्घ प्रात्यक्षिक होय. १९८२ च्या नियमांनी जबाबदारीची साखळी बांधली. १९९६ च्या नियमांनी पोचेला शब्द दिले. १९९८ च्या नियमांनी वाचणाऱ्याची संमती मानली आणि ‘वाचले’ ऐवजी ‘दाखविले’ म्हणण्याचा संयम पाळला. प्रत्येक टप्प्यावर उत्तम रचनाकारांनी यंत्राला माहीत नसलेली गोष्ट त्याच्या तोंडी घातली नाही. गैरसमज शिरले ते पुढे, त्या शब्दांना व्यवहारात मिळालेल्या नावांतून.

मराठीत ‘पोच’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, वस्तू मिळाल्याची खूण. दुसरा, समज वा विवेक, ज्याच्या अभावी एखाद्याला ‘पोच नाही’ असे म्हटले जाते. एकाच शब्दात प्रवास आणि समज एकत्र नांदावेत, हा भाषेचा सहज व्यापार आहे. परंतु यंत्र देते ती पहिली पोच. दुसरी माणसानेच द्यावयाची असते, आणि ती देण्याचा जुना मार्ग अद्याप बदललेला नाही : पत्र पावले, मजकूर अवगत झाला, असे आपल्या शब्दांत उलट लिहिणे.